चिंचिलाने खाणं सोडलं तर: प्रथमोपचार आणि सिरिंजने भरवणं

चिंचिला म्हणजे दाट लोकरीचा, उंदरांसारखा कुरतडणारा लहान पाळीव प्राणी. तो आजारी दिसला की घरात पहिली धावपळ होते ती सिरिंज शोधायची. ही घाई बरेचदा अंगाशी येते. उन्हाने तापलेल्या, गारठलेल्या किंवा पोट टम्म फुगलेल्या चिंचिलाला भरवलं, तर फायदा सोडाच, जीवावर बेतू शकतं. म्हणून क्रम पाळायचा: आधी श्वास, मग अंगाची उष्णता, मग पोट, आणि सगळ्यात शेवटी अन्न.

मात्र अन्नाला फार उशीरही परवडत नाही. चिंचिलाचं पोट सतत चालू राहण्यासाठीच बनलेलं आहे. गवतातला चोथा आतडी हलती ठेवतो आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीतले जिवाणू तो आंबवतात. चोथा येणं थांबलं की आतडी मंदावतात, चुकीचे जिवाणू वाढतात, वायू धरतो, पोट दुखतं, आणि दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. शरीर चरबी मोडायला लागलं की यकृतावर ताण येतो, तो वेगळाच. शिवाय चिंचिलाला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत गेलेलं चुकीचं काही बाहेर यायची सोय नाही. साधारण १२ तास काहीच खाल्लं नसेल किंवा लेंड्या थांबल्या असतील, तर दवाखाना गाठायचा. २४ तास वाट पाहणं म्हणजे जुगार.

कसं कळणार?

चिंचिला दुखणं लपवतो. तो कोपऱ्यात गप्प बसलेला, अंग फुलवलेला, कान मागे टाकलेला दिसेपर्यंत दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं. त्याआधी बोलतो तो वजनकाटा. १ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. वर प्लास्टिकचा डबा ठेवून शून्य करा आणि त्यात चिंचिला बसवा. निरोगी असताना आठवड्यातून एकदा, आजारपणात रोज, आणि दर वेळी एकाच वेळेला. मोठ्या चिंचिलाचं वजन बहुधा ४०० ते ६०० ग्रॅम भरतं, माद्या थोड्या जड असतात. पण पुस्तकातल्या आकड्यापेक्षा त्याचा स्वतःचा नेहमीचा आकडा महत्त्वाचा. ५०० चे ४५० झाले, म्हणजे दहा टक्के गेले, तर बाकी सगळं ठीक दिसत असलं तरी डॉक्टरांना दाखवा.

दुसरी खूण लेंड्यांची. निरोगी लेंडी लांबट गोल, कोरडी, टणक आणि जवळजवळ बिनवासाची असते. ती लहान आणि टोकदार होत गेली, केसांत ओवल्यासारखी आली किंवा चिकट झाली, तर आतडी मंदावली आहेत. रोज सकाळी ट्रे झाडताना नजर टाकायची सवय लावली की हे लगेच लक्षात येतं.

हनुवटी किंवा पुढच्या पायांचे केस ओले, गवत सोडून फक्त मऊ खाणं, तोंडात घेतलेलं टाकून देणं ही दातांची लक्षणं. पुढचे पटाशीचे दात पिवळसर-नारिंगी असणं चांगलं. पांढरे पडत असतील तर दाखवून घ्या. दाढा मात्र घरी दिसतच नाहीत. दाढेला काटे आले असतील तर तुम्ही कितीही भरवा, दात घासून नीट केल्याशिवाय तो स्वतःहून खायला लागणार नाही.

नर असेल तर आणखी एक जागा तपासा. लिंगाभोवती केसांचं कडं गुंडाळलं जातं, ते आवळत जातं, सूज येते आणि तो खाणं सोडतो. महिन्यातून एकदा बघायला हवं. कडं सैल असेल तर पाण्यात विरघळणारी वंगण जेली लावून हलक्या हाताने सोडवता येतं. लिंग सुजून बाहेरच राहिलं असेल तर ओढाताण करू नका. जेलीने ओलं ठेवा आणि थेट दवाखान्यात न्या.

भरवण्याआधीची तपासणी

तोंड उघडून श्वास घेत असेल, श्वासाबरोबर पोट आत-बाहेर होत असेल, तर काही भरवायचं नाही. शांत, गार, हवेशीर डब्यात ठेवून निघायचं. बेदाणा, शेंगदाणा किंवा भुसा अडकून गुदमरला असेल तर तो लाळ गाळतो आणि ओकल्यासारखे हिसके देतो. अशा वेळी पाणी पाजून ‘खाली ढकलायला’ जाऊ नका, ते श्वासनलिकेत उतरतं.

मग कान आणि पंजे. लालबुंद, गरम, शिरा फुगलेले कान म्हणजे ऊन लागलंय. गार कान, गार पंजे आणि लुळं अंग म्हणजे तो गारठलाय किंवा धक्क्यात आहे. गारठलेल्या शरीरात आतडी काम करत नाहीत, भरवलेलं तसंच पडून राहतं. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून त्याच्या एका बाजूला ठेवा. नको असेल तर दूर सरकता येईल इतकी जागा हवी. कान ऊबदार झाले, मान धरून बसायला लागला की मगच पुढचं.

शेवटी पोट. दोन बोटांनी हलकेच दाबून बघा. मऊ, कणकेसारखं लागलं तर ठीक. टणक, ताणलेलं असेल, चिंचिला अंग लांब करून पालथा पडत असेल किंवा लोळण घेत असेल, तर पोटफुगी आहे. इथे सिरिंज खाली ठेवायची. फुगलेल्या पोटात आणखी अन्न ढकललं तर दाब फुप्फुसांवर येतो आणि श्वास कोंडतो. यावर घरगुती उपाय नाही. वायू काढणं आणि वेदनाशामक देणं डॉक्टरांचं काम. ग्राइप वॉटर, ओव्याचं पाणी, हिंग यांपैकी काहीही पाजू नका.

झटका येत असेल तर तोंडात काहीच घालू नका. उजेड कमी करा आणि उंचावरून पडणार नाही असं बघा. थांबल्यावर, पूर्ण शुद्धीवर आल्यावर हिरड्यांना मधाचं बोट लावता येतं. कारण शोधायला त्याच दिवशी दाखवा.

ऊन लागणं

महाराष्ट्रात चिंचिला पाळणाऱ्याला सगळ्यात आधी हे यायला हवं. हा प्राणी चिलीतल्या अँडीजच्या थंड, कोरड्या उतारांवरचा. १९२३ मध्ये मथायस चॅपमन नावाच्या खाणकामातल्या माणसाने ११ चिंचिला कॅलिफोर्नियात नेले, आणि आज पाळल्या जाणाऱ्या चिंचिलांची मोठी वंशावळ तिथून सुरू होते. पिढ्या पिंजऱ्यात गेल्या, पण अंगावरची लोकर तीच राहिली: एका रोमकूपातून ५०-६० केस. त्याला घाम येत नाही. १५ ते २१ अंश सेल्सिअस त्याला मानवतं. २६-२७ च्या पुढे धोका सुरू होतो, आणि हवा दमट असेल तर त्याच्या अलीकडेच. म्हणजे मुंबई, ठाणे, कोकण आणि गोव्यात वर्षातले बहुतेक दिवस एसीशिवाय भागत नाही. नागपूरच्या मे महिन्याबद्दल तर बोलायलाच नको.

पंखा उपयोगाचा नाही, कारण वाळवायला घामच नाही. वाळ्याचा कूलर त्याहून वाईट. तो खोलीत ओल भरतो.

चिंचिला आडवा पडला, धापा टाकतोय, लाळ गळतेय, कान लाल आहेत, तर लगेच गार खोलीत हलवा. फरशीवर किंवा कडप्प्याच्या लादीवर ठेवा. साध्या नळाच्या पाण्यात रुमाल बुडवून घट्ट पिळा आणि कान, पंजे, शेपटीचं मूळ पुसा. बर्फ लावायचा नाही, बादलीत बुडवायचं नाही. बर्फाने कातडीच्या शिरा आकसतात आणि आतली उष्णता आतच अडकते. कातडीपर्यंत भिजलेली लोकर लवकर वाळत नाही, मग तासाभराने तोच प्राणी गारठतो. कान फिके आणि बोटाला नेहमीसारखे लागले की पुसणं थांबवा. स्वतः गिळू शकत असेल तर पाण्याचे थेंब ओठाच्या कडेला लावा. सावरला तरी दवाखाना चुकवू नका. आतड्यांना आणि मूत्रपिंडांना बसलेला फटका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो, आणि खाणं सुटतं ते तेव्हा.

वीज जाण्याची तयारी आधीच हवी. फ्रीझरमध्ये पाण्याच्या दोन-तीन बाटल्या कायम गोठलेल्या ठेवा. वीज गेली की जाड कापडात गुंडाळून पिंजऱ्याला टेकवून ठेवायच्या आणि खिडक्यांचे पडदे ओढायचे. ग्रॅनाइटचा एक तुकडा पिंजऱ्यात बाराही महिने असू द्या. दगडवाल्याकडे कटाईतले तुकडे पडलेले असतात.

काय भरवायचं

सर्वांत चांगलं म्हणजे गवतखाऊ प्राण्यांसाठी तयार मिळणारी पूड, उदाहरणार्थ ऑक्सबो कंपनीचं क्रिटिकल केअर. त्यातही बारीक दळलेला प्रकार मिळाला तर तोच घ्या, कारण जाडसर पूड लहान सिरिंजच्या तोंडाशी हमखास अडकते. पाकीट फोडल्यावर हवाबंद करून फ्रिजमध्ये ठेवा, विशेषतः पावसाळ्यात.

पूड हाताशी नसेल तर तात्पुरता उपाय असा: त्याच्या रोजच्या साध्या पेलेट (गवताच्या दाबून केलेल्या गोळ्या) मिक्सरमध्ये बारीक दळा (सुकामेवा-दाण्यांची मिसळ नको), मैद्याच्या चाळणीने चाळा आणि दुप्पट कोमट पाण्यात १५ मिनिटं फुगू द्या. हे एक-दोन दिवसांपुरतंच. दूध, दही, केळं, बाळांचं डबाबंद खाणं, नाचणीची पेज, बिस्किटाचा भिजवलेला चुरा यांपैकी काहीही नको. साखर आणि पिठूळ पदार्थ नेमके वाईट जिवाणूंनाच पोसतात. ओली हिरवी लसूणघासही आजारपणात टाळा, वायू धरते.

तयार पुडीचं खिमट, म्हणजे सिरिंजने भरवायची पातळ लापशी, करताना पुडीच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट कोमट पाणी घ्या, ढवळा, पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा ढवळा. धिरड्याच्या पिठाइतकं सैल हवं. थांबल्यावर ते घट्ट होतं, तेव्हा थोडं पाणी वाढवायचं. मनगटावर थेंब टाकून बघा: ना गरम, ना गार. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, मध्येच एखादा भाग तोंड पोळेल इतका तापतो. वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली की काम होतं. कालवलेलं फ्रिजमध्ये जास्तीत जास्त दिवसभर ठेवा. बाहेर राहिलेलं उन्हाळ्यात तासाभराने फेकून द्या.

हिशोब ५०० ग्रॅमच्या चिंचिलाचा. तो स्वतः काहीच खात नसेल तर दिवसाला साधारण दीड टेबलस्पून पूड, म्हणजे १२-१३ ग्रॅम, आणि ३० मिली पाणी. याचं ३५ ते ४० मिली खिमट होतं. सहा वेळांत वाटलं तर दर वेळी ६ मिलीच्या आसपास. पण पहिल्या दिवशी निम्म्यावरच थांबा: दर वेळी ३ मिली, चार तासांनी. मंदावलेल्या आतड्यांवर एकदम भार टाकला की पोट फुगतं. लेंड्या पडायला लागल्या की मात्रा वाढवत न्या. थोडंफार स्वतः खात असेल तर त्या मानाने कमी द्या. रात्रीची पाळी चुकवू नका, चिंचिलाचा जागण्याचा आणि खाण्याचा वेळ तोच आहे.

पाणीही मोजायचं. ५०० ग्रॅमला दिवसाकाठी सगळं मिळून ५० मिलीच्या आसपास लागतं, त्यातलं बरंचसं खिमटातून जातं. उरलेलं सिरिंजने थेंब थेंब पाजा. लेंड्या खडखडीत कोरड्या असतील तर आधी पाणी, मग अन्न. फार सुकलेल्या प्राण्याला मात्र कातडीखाली सलाईन द्यावं लागतं, ते दवाखान्यात.

कसं भरवायचं

सिरिंज १ मिलीची, सुई नसलेली. इन्शुलिनच्या सिरिंजला सुई कायमची जोडलेली असते, ती घेऊ नका. खिमट अडकत असेल तर पुढचं निमुळतं टोक कापा आणि कड पॉलिश पेपरने पूर्ण गुळगुळीत करा. धारदार कड हिरडी फाडते. एक धोका ध्यानात ठेवा: टोक कापलेल्या सिरिंजमधून जरा जोर दिला की सगळा १ मिली एकदम तोंडात जातो. दोन-तीन बिनकामाच्या सिरिंज वाटीत रिकाम्या करून हात बसवा, मग चिंचिलाकडे वळा. सात-आठ सिरिंज आधीच भरून ठेवल्या की प्रत्येक वेळी त्याला सोडून वाटीकडे वळावं लागत नाही.

धरताना केस मुठीत पकडू नका. घाबरला की तो त्या जागचे केस सोडून देतो आणि तिथे टक्कल पडतं. शेपटीच्या टोकाला तर हात लावायचाच नाही. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. पातळ पंचा किंवा लहान टॉवेल अंगाभोवती घ्या, पण छाती आवळू नका, कारण त्याला श्वासासाठी बरगड्या हलवाव्या लागतात. टॉवेलात ऊबही साठते, म्हणून एसी चालू हवा आणि एका बैठकीला १०-१५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ नको. त्याला मांडीवर किंवा टेबलावर पायांवर बसलेला ठेवा. बाळासारखं उताणं कधीही धरू नका.

पटाशीचे दात आणि दाढा यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना मोकळी जागा असते. ओठाच्या कडेने सिरिंज तिथे घाला आणि टोक पलीकडच्या गालाकडे तिरकं ठेवा, घशाकडे सरळ नको. डोकं पातळीत असू द्या, वर उचलू नका. ०.२ मिली सोडा आणि थांबा. जबडा हलतोय, गिळलंय, हे दिसलं की पुढचं. तो सिरिंज चावत असेल तर चावू द्या. चावणं हीच आतड्यांना चालू होण्याची खूण. फक्त प्लास्टिकचा तुकडा तुटत नाही ना, ते बघा.

तोंडात धरून बसला, गिळत नाही, तर गालावरून बोट फिरवा आणि वाट बघा. तोंड भरलेलं असताना पुढचं ढकललं की ते फुप्फुसात जातं. नाकातून खिमट आलं तर तिथेच थांबा, डोकं किंचित खाली करा, नाक पुसा. नंतर श्वासाला घरघर वाटली किंवा तो मलूल झाला, तर त्याच दिवशी डॉक्टर. फुप्फुसात गेलेल्या अन्नाने न्यूमोनिया होतो आणि इतक्या लहान प्राण्यात तो भराभर वाढतो.

प्रत्येक वेळी वही उघडा: वेळ, किती मिली गेलं, लेंड्या किती आणि कशा, वजन. सांडलेलं मोजू नका, पोटात गेलेलं तेवढंच लिहा. बहुतेक लोक इथेच फसतात: हनुवटीवर आणि टॉवेलवर दोन मिली गेलेलं असतं आणि वहीत सहा लिहिलेलं असतं, मग वजन का उतरतंय ते कळत नाही. भरवून झाल्यावर हनुवटी ओल्या कापडाने पुसून कोरडी करा. वाळलेलं खिमट केसांत घट्ट बसतं आणि खालची कातडी सोलवटते.

जखमा आणि हाडं

रक्त येत असेल तर गॉज पाच मिनिटं सलग दाबून धरा, मध्येच उचलून बघू नका. नख तुटलं असेल तर मक्याचं पीठ दाबा. जखम सलाईनने धुवा. पोव्हिडोन आयोडीन वापरायचं तर १ भागाला २० भाग सलाईन. डेटॉल, हळद-तेल, कोणतंही चिकट मलम नको, कारण तो चाटून पोटात घालतो. जखम भरेपर्यंत धूळस्नान (लोकर साफ ठेवायला बारीक धुळीत लोळणं) बंद. डोळ्यात धूळ गेली असेल तर तेव्हाही.

मागच्या पायाची नडगी लांब, बारीक आणि जवळपास बिनमांसाची. जाळीच्या तळात पाय अडकला की तीच मोडते. घरी खपच्या बांधू नका. फळ्या नसलेल्या लहान डब्यात, मऊ कापडावर ठेवून न्या.

औषधं

कुत्र्या-मांजरांना सर्रास दिलं जाणारं अमॉक्सिसिलिन चिंचिलाला तोंडावाटे दिलं तर आतड्यातले चांगले जिवाणू मरतात, विषारी वाढतात आणि काही दिवसांत प्राणी दगावू शकतो. अँपिसिलिन, सेफॅलेक्सिनसारखी औषधं, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही त्याच यादीतली. डॉक्टर मुख्यतः कुत्री-मांजरं बघणारे असतील तर चिठ्ठी हातात घेतल्यावर नम्रपणे विचारा. कोणताही चांगला डॉक्टर रागावणार नाही. घरातलं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. वेदनाशामक लागतंच, कारण दुखत असताना तो खात नाही. पण औषध आणि मात्रा डॉक्टर ठरवतील, तीही आजच्या वजनावर. चिंचिला-ससे बघणाऱ्या दवाखान्याचा नंबर आणि रात्रीची सोय आजच विचारून ठेवा.

भरवणं कधी थांबवायचं

पिंजऱ्यात वाळलेलं गवत आजारपणातही सतत समोर असू द्या, दोन-तीन प्रकारचं. तो पेलेट खातोय म्हणून सिरिंज बंद करू नका. पेलेट दुखऱ्या दाढांनाही चालतात, गवत चालत नाही. गवत चावताना दिसला, लेंड्या आकाराने नेहमीसारख्या झाल्या आणि वजन दोन-तीन दिवस टिकलं, की दिवसातली एक पाळी कमी करा, आधी दुपारची. दोन दिवस वजन बघा, मग पुढची पाळी. सलग दोन दिवस उतरलं तर बंद केलेली पाळी पुन्हा सुरू. चार-पाच दिवस भरवूनही तो गवताला तोंड लावत नसेल, तर भरवण्याची मात्रा वाढवण्याऐवजी दाढांचा एक्स-रे काढून घ्या.